नागरिकांचें मत आणि नगराचें आरोग्य

नगरांतील रहिवासी कर भरतो आणि त्या करांतून नगराच्या आरोग्यासाठीं खर्च होतो, ही गोष्ट सर्वांना परिचित आहे. नळाचें पाणी शुद्ध करून घरोघर पोंचविणें, सांडपाणी वाहून नेणें, केरकचरा उचलणें, दवाखाने चालविणें, बालकांना रोगप्रतिबंधक लस टोंचणें, हीं सर्व कामें त्याच पैशावर चालतात. परंतु या पैशांतून आधीं काय करावें आणि मागाहून काय करावें, कोणत्या वस्तींत नळ घालावा आणि कोणत्या वस्तीला आणखी दोन वर्षें थांबावयास सांगावें, हें ठरविण्याची वेळ आली म्हणजे करदात्याचें काम संपलेलें असतें. तो निर्णय अधिकारी, इंजिनियर, डॉक्टर आणि निवडून आलेले सभासद घेतात. रहिवाशाला तो कळतो तो रस्ता खणला गेल्यावर, किंवा वर्षानुवर्षें न खणला गेल्यावर.

हा निर्णय रहिवाशांनींच एकत्र बसून, मत देऊन घ्यावा, असें कोणी सुचविलें तर दोन आक्षेप ताबडतोब पुढें येतात. आरोग्य हें शास्त्र आहे. रोग कशानें होतो व कशानें टळतो हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याच्या मताला किंमत ती काय, हा पहिला आक्षेप. दुसरा असा कीं, प्रत्येकजण आपल्या दारापुढचेंच पाहील, आणि ज्या वस्तीचा आवाज मोठा तिच्याच पदरांत पैसा पडेल. दोन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. मात्र त्यांचें उत्तर केवळ तर्कानें शोधण्याचें कारण नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशांत हा प्रयोग एका मोठ्या नगरानें पुष्कळ वर्षें केला, आणि त्याचें यश व अपयश दोन्ही पाहावयास मिळतात.

ब्राझीलच्या अगदीं दक्षिणेस रियो ग्रांदे दो सुल नांवाचें राज्य आहे. पोर्तू अलेग्री ही त्याची राजधानी. ग्वाइबा नांवाच्या विस्तीर्ण जलाशयाच्या कांठीं हें नगर वसलेलें असून त्याची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास आहे. मध्यभागीं रुंद रस्ते, बागा आणि उंच इमारती. आणि भोंवतालच्या टेकड्यांवर व सखल जागीं गरिबांच्या दाट वस्त्या, असें त्याचें स्वरूप. या वस्त्यांना तेथें ‘विला’ म्हणतात. नांव ऐकून बंगल्याची कल्पना मनांत येईल. परंतु १९८९ सालीं अशा कित्येक विलांत घरापुढून उघडें गटार वाहत असे. नगरांतील जेमतेम निम्म्या लोकांच्या घरचें सांडपाणी भुयारी गटारांतून जात होतें. उरलेल्यांचें वाट फुटेल तिकडे जाई.

ब्राझीलमध्यें १९६४ पासून १९८५ पर्यंत लष्करी राजवट होती. ती संपल्यावर १९८८ सालीं नवी राज्यघटना झाली आणि तींत आरोग्य हा सर्वांचा हक्क व शासनाचें कर्तव्य आहे असें स्पष्ट शब्दांत लिहिलें गेलें. आरोग्याच्या व्यवस्थेंत लोकांचा सहभाग असला पाहिजे, हेंहि त्याच घटनेनें सांगितलें. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तू अलेग्रीच्या निवडणुकींत कामगार पक्ष विजयी झाला आणि बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी ओलिव्हियो दुत्रा हे १९८९ च्या जानेवारींत नगराध्यक्ष झाले. वस्त्यांच्या संघटनांनीं नगराच्या अंदाजपत्रकांत आपणांस वाटा असावा, अशी मागणी आधींपासूनच केलेली होती. नव्या कारभाऱ्यांनीं ती मान्य केली, आणि लोकसहभागी अंदाजपत्रक या नांवानें पुढें जगभर गेलेल्या पद्धतीचा आरंभ झाला.

आरंभ मात्र उत्साहजनक नव्हता. तिजोरी उघडून पाहतां नगराचें जवळजवळ सगळें उत्पन्न पगारांतच जात असल्याचें दिसून आलें. सभा भरल्या, लोकांनीं मागण्यांचा ढीग पुढें टाकला, आणि त्यांतलें फार थोडें पार पडलें. पुढल्या सभांना माणसें येईनात. तेव्हां नगरपालिकेनें घरपट्टीची फेररचना करून ज्यांच्याजवळ अधिक मालमत्ता त्यांच्यावर अधिक कर बसविला; नव्या घटनेनें नगरपालिकांना मिळणारा वांटाहि वाढला. हातांत पैसा आला, ठरलेलीं कामें डोळ्यांस दिसूं लागलीं, आणि मगच लोक परतले. आरंभीं हजाराच्या आसपास असलेली उपस्थिति त्या दशकाच्या अखेरीस वीस हजारांच्या वर गेली. ज्या सभेच्या निर्णयामागें पैसा नाहीं, त्या सभेला माणूस दुसऱ्यांदा येत नाहीं, हा या प्रयोगाचा पहिला धडा होय.

आतां ही पद्धति चालत असे कशी, तें पाहूं. सर्व नगराचे सोळा विभाग पाडलेले होते. वर्षाच्या पूर्वार्धांत प्रत्येक विभागांत मोठी सभा भरे. तेथें नगराध्यक्ष व अधिकारी यांना प्रथम गेल्या वर्षाचा हिशेब द्यावा लागे: कोणतीं कामें मंजूर झालीं होतीं, कोणतीं झालीं, कोणतीं राहिलीं आणि कां राहिलीं. त्यानंतर आळीआळींतून लहान बैठका होत. त्यांत लोक आपापल्या गरजांची यादी करीत आणि पाणी व गटारें, रस्ते, घरें, शिक्षण, आरोग्य इत्यादि विषयांना पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम मतानें लावीत. सभांतून प्रतिनिधी निवडले जात, आणि प्रत्येक विभागांतून दोन सभासद अंदाजपत्रक समितीवर जात. या सभासदांना वेतन नसे. मुदत एका वर्षाची असे. आणि ज्यांनीं निवडलें त्यांना त्यांस परत बोलावितांहि येत असे. उन्हाळा, पावसाळा न पाहतां ही समिति आठवड्यामागून आठवडे बसे, अधिकाऱ्यांकडून आंकडे मागवी, आणि सप्टेंबरच्या अखेरीस अंदाजपत्रक नगरसभेपुढें जाई. त्या सभेला पोर्तुगीज भाषेंत ‘कामारा’ म्हणतात. गोमंतकांतील जुन्या पिढीला हा शब्द नवा नाहीं. कायद्यानें अखेरचा अधिकार कामाराचाच होता. परंतु हजारों नागरिकांनीं महिनोन्‌महिने बसून तयार केलेल्या अंदाजपत्रकांत मोडतोड करण्यास सहसा कोणी धजत नसे.

मोठ्या आवाजाची वस्ती सगळा पैसा ओढून नेईल, हा जो दुसरा आक्षेप, त्याचें उत्तर या पद्धतीनें साध्या अंकगणितांत दिलें. एखाद्या विषयाचा पैसा विभागांत वांटतांना तीन गोष्टी पाहिल्या जात. त्या सोयीची त्या विभागांत उणीव किती, विभागाची लोकसंख्या किती, आणि लोकांनीं त्या विषयाला कितवें स्थान दिलें. प्रत्येक गोष्टीला गुण असत, आणि त्या गुणांना ठराविक अंकानें गुणीत. हे अंक समिति वेळोवेळीं बदलीत असे, पण ते वांटपापूर्वीं ठरत आणि सर्वांना माहीत असत. विषयाच्या पसंतीपुरतें बोलावयाचें तर पहिल्या स्थानाला चार, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन आणि चौथ्याला एक गुण मिळे.

उदाहरणार्थ, दोन विभागांची कल्पना करावी. एक बाजारपेठेचा, दाट वस्तीचा. दुसरा टेकडीवरचा, लहान व गरीब. उणीव आणि पसंती यांच्या गुणांना चारानें, तर लोकसंख्येच्या गुणांना दोहोंनीं गुणावयाचें, असें समजूं. पेठेंत बहुतेक घरांना भुयारी गटार आहे, म्हणून उणिवेचा गुण एक, त्याचे झाले चार. लोकसंख्या मोठी, गुण चार, त्याचे आठ. लोकांनीं गटाराला तिसरें स्थान दिलें, गुण दोन, त्याचे आठ. एकूण वीस. टेकडीवर जवळजवळ कोणाच्याच घरीं गटार नाहीं. उणिवेचे गुण चार, त्यांचे सोळा. लोकसंख्या लहान, गुण एक, त्याचे दोन. गटाराला पहिलें स्थान, गुण चार, त्यांचे सोळा. एकूण चौतीस. आतां या दोघांमध्यें ५४ किलोमीटर गटार घालण्यापुरता पैसा असेल, तर पेठेला २० आणि टेकडीला ३४ किलोमीटर येतील. पेठेंतून सभेला टेकडीच्या दसपट माणसें आलीं तरी या उत्तरांत फरक पडत नाहीं. ज्याच्याजवळ कमी आहे त्याला अधिक, हें तत्त्व येथें कोणाच्या दयेवर सोडलेलें नव्हतें. तें गणितांतच गोंवलेलें होतें. शाळेंत चार इयत्ता शिकलेल्या माणसालाहि तें पडताळून पाहतां येई.

सभांना येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या बरोबरीची होती, आणि कमी उत्पन्नाच्या व कमी शिकलेल्या लोकांचें प्रमाण नगराच्या सरासरीहून अधिक होतें. त्यांनीं काय मागितलें, हें पाहण्यासारखें आहे. १९९२ व १९९३ या दोन्ही वर्षीं सर्व नगराची पहिली पसंती सांडपाणी व स्वच्छता या विषयाला होती. पुढल्या वर्षांत रस्त्यांची फरसबंदी, राहत्या जागेचा कायदेशीर हक्क, घरें आणि सांडपाणी हेच विषय आळीपाळीनें वरच्या तीन जागांवर दिसतात. ‘आरोग्य’ हा विषय, म्हणजे दवाखाने, औषधें व डॉक्टर, पहिल्या तिघांत प्रथम आला तो २००० सालीं, आणि तोहि तिसऱ्या जागेवर. तेव्हां वरवर पाहणारा म्हणेल कीं, लोकांना आरोग्याची किंमत कळली नाहीं.

वस्तुस्थिति याच्या नेमकी उलट होती. लहान मुलाला जुलाब होतात ते बहुधा मैल्यानें दूषित झालेल्या पाण्यामुळें. ज्या अंगणांतून उघडें गटार वाहतें त्या अंगणांत रांगणाऱ्या मुलाला दवाखान्यांतून औषध दिलें, तरी तें बरें होऊन परत त्याच अंगणांत येतें. रस्त्याचेंहि तसेंच आहे. चढावरचा कच्चा रस्ता पावसांत चिखलानें भरला म्हणजे कचऱ्याची गाडी येत नाहीं, बस येत नाहीं, आणि प्रसूतीच्या वेदना सुरू झालेल्या बाईसाठीं रुग्णवाहिकाहि पायथ्याशींच थांबते. जागेचा हक्क नसेल तर नगरपालिका नळाची जोडणी देण्यास कचरते. वैद्यकाच्या पुस्तकांत या गोष्टी ‘रोगाचीं सामाजिक कारणें’ या मथळ्याखालीं येतात. टेकडीवरच्या गृहिणीला त्या पुस्तकावांचून ठाऊक होत्या. तिनें आरोग्याला मत दिलें नाहीं असें नव्हे. तिनें तें आरोग्याच्या मुळाशीं घातलें. १९९६ च्या अखेरीस पोर्तू अलेग्रींतील शेंकडा ९८ घरांना नळाचें पाणी मिळत होतें, आणि भुयारी गटारांची सोय निम्म्यांवरून शेंकडा ८५ पर्यंत पोंचली होती. त्याच वर्षीं इस्तंबूल येथें भरलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या नागरी वसतिविषयक परिषदेंत या नगराच्या पद्धतीचा उत्तम उपक्रमांत समावेश झाला.

तथापि शास्त्रज्ञांचा आक्षेप सर्वस्वीं निराधार आहे, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. आरोग्याच्या कांहीं गरजा अशा असतात कीं, त्यांना मत देणारें कोणी नसतें. जो रोग लसीमुळें वस्तींत आलाच नाहीं, त्याची आठवण सभेंत कोणाला होत नाहीं. मनोरुग्ण, क्षयरोगी, विरळा आजार जडलेलें एखादें मूल, यांची संख्या लहान असते, आणि लाजेमुळें त्यांचे आप्तहि पुढें येऊन बोलत नाहींत. हें ध्यानांत घेऊन ब्राझीलनें दुसरी एक व्यवस्था केली. १९९० च्या डिसेंबरांत झालेल्या कायद्यानें राष्ट्रापासून नगरापर्यंत प्रत्येक पायरीवर आरोग्य परिषदा स्थापन झाल्या. या परिषदांत अर्ध्या जागा सार्वजनिक आरोग्यसेवेचा उपयोग करणाऱ्या सामान्य नागरिकांच्या प्रतिनिधींना असतात. उरलेल्या अर्ध्यांत डॉक्टर, परिचारिका इत्यादि कर्मचारी, दवाखाने चालविणारे आणि सरकार हे बसतात. आरोग्याची योजना व तिचा हिशेब यांना परिषदेची संमति लागते. पोर्तू अलेग्रींतहि १९९४ पासून विभागवार सभांच्या जोडीला विषयवार सभा सुरू झाल्या, आणि त्यांत आरोग्य व समाजकल्याण यांची सभा वेगळी ठेवण्यांत आली, म्हणजे एका आळीपलीकडचा, सर्व नगराचा विचार तेथें व्हावा. लसीकरण करावयाचें कीं नाहीं, हा मताचा विषय नव्हे. लसीकरणाचें केंद्र कोणत्या नाक्यावर असावें म्हणजे कामावर जाणाऱ्या आईला तें सोयीचें पडेल, हा मताचाच विषय होय. ही विभागणी जेथें नीट झाली तेथें शास्त्र आणि लोकमत यांचें भांडण झालें नाहीं.

या सर्वांचा परिणाम माणसांच्या जीवितावर झाला काय? हा प्रश्न सोनिया गोन्साल्विस या संशोधिकेनें हातीं घेतला, आणि १९९० पासून २००४ पर्यंत ज्या ब्राझिली नगरांनीं ही पद्धति घेतली व ज्यांनीं घेतली नाहीं, त्यांची तुलना केली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधाचा निष्कर्ष असा कीं, पद्धति घेणाऱ्या नगरांत आरोग्य व स्वच्छता यांवरील खर्चाचा हिस्सा वाढला आणि बालमृत्यूचें प्रमाण हजारीं एक ते दोन इतकें अधिक उतरलें. त्याच वर्षीं मायकेल टचटन आणि ब्रायन वाम्प्लर यांनींहि मोठ्या नगरांचा अभ्यास करून असाच निर्णय दिला, आणि पद्धति जितकीं अधिक वर्षें चालली तितका परिणाम अधिक, असें दाखविलें. हे आंकडे सावधपणें वाचले पाहिजेत. त्या काळांत ब्राझीलमध्यें सर्वत्रच बालमृत्यु कमी होत होते. लसीकरण आणि १९९४ पासून घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेवकांची योजना यांचा त्यांत मोठा वाटा होता. ज्या नगरांनीं ही पद्धति स्वीकारली तीं मुळांतच अधिक जागरूक असण्याचा संभव आहे. तरीहि हजारीं एक हा आंकडा लहान समजूं नये. वर्षाला वीस हजार मुलें जन्मणाऱ्या नगरांत त्याचा अर्थ दर वर्षीं वीस घरांतील पाळणा रिकामा न होणें, असा आहे.

इतकें झाल्यावर ही पद्धति पोर्तू अलेग्रींत अढळ झाली असेल, असें वाटणें साहजिक आहे. तसें झालें नाहीं. २००४ सालीं कामगार पक्षाचा पराभव झाला. नव्या कारभाऱ्यांनीं सभा बंद केल्या नाहींत. पण त्यांच्या निर्णयामागचा पैसा आटत गेला, मंजूर झालेलीं कामें वर्षानुवर्षें पडून राहूं लागलीं, आणि हिशेब देण्याची शिस्त सैल पडली. सभा भरत राहिल्या, परंतु त्यांतला जीव गेला. अखेर २०१७ सालीं तें चक्रच थांबविण्यांत आलें. या पद्धतीला कायद्याचा भक्कम आधार नव्हता. कारभाऱ्यांच्या इच्छेवर ती उभी होती, आणि ती इच्छा बदलतांच ती खचली. याच्या उलट, कायद्यानें स्थापन झालेल्या आरोग्य परिषदा टिकल्या. लोकांच्या उत्साहानें संस्था जन्माला येते. तिला दीर्घायुष्य मिळतें तें नियमांनीं.

ही कल्पना आतां ब्राझीलपुरती राहिलेली नाहीं. न्यूयॉर्कमध्यें ती २०११ सालीं, तर पॅरिसमध्यें २०१४ सालीं सुरू झाली. हिंदुस्थानांत केरळ राज्यानें १९९६ सालीं जनयोजनेची मोहीम काढली आणि योजनेच्या पैशांपैकीं शेंकडा ३५ ते ४० इतका भाग ग्रामपंचायतींच्या व नगरांच्या स्वाधीन केला. प्राथमिक आरोग्य केंद्रेंहि पंचायतींच्या हातीं आलीं. महाराष्ट्रांत पुणें महानगरपालिकेनें २००६ सालीं नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकांत घेण्यास प्रारंभ केला. आपल्या भागांतील शौचालय, पदपथ, दिवे, सांडपाण्याची नळी अशा लहान कामांची मागणी तेथील रहिवासी अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयांत करूं लागला. मात्र येथें तो सुचवितो, मत देत नाहीं. निवड अधिकारी आणि नगरसेवक करतात. पोर्तू अलेग्रींतील पद्धतीशीं तुलना करतां हें पहिलें पाऊल आहे, आणि पाऊल म्हणून त्याला महत्त्व आहे.

खेड्यांत याहून जवळची सोय झालेली आहे. २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें गांवोगांव ग्राम आरोग्य समित्या नेमल्या आणि प्रत्येकीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधि देण्याची तरतूद केली. म्हणजे तो पैसा कोणत्या कामीं लावावयाचा, हें वरून ठरून येत नाहीं. गांवानें ठरवावयाचें असतें. विहिरींत औषध टाकणें, साचलेल्या डबक्यांना वाट काढून देणें, अडलेल्या बाईला वेळेवर रुग्णालयांत नेणें, अशीं कामें त्यांतून होऊं शकतात. रक्कम लहान आहे. परंतु ती कोठें खर्च झाली हें जेथें ग्रामसभेंत सर्वांसमक्ष वाचून दाखविलें जातें, तेथें गांवकऱ्यांना आपल्या आरोग्याचा हिशेब मागण्याची संवय लागते, आणि ही संवय त्या दहा हजारांहून मोलाची आहे.

पोर्तू अलेग्रीच्या अनुभवावरून कोणत्याहि नगराला चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत. ज्या पैशावर मत मागावयाचें तो पैसा खरोखर तिजोरींत असावा. वांटपाचा नियम आधीं ठरावा, आणि त्यांत उणिवेला मोठें वजन असावें. गेल्या वर्षाचा हिशेब दिल्याखेरीज नव्या वर्षाचें मत मागूं नये. आणि ज्या रुग्णाच्या बाजूनें सभेंत हात वर होणार नाहींत, त्याच्यासाठीं वेगळी तरतूद शास्त्र जाणणाऱ्यांच्या सल्ल्यानें करून ठेवावी. या चारांपैकीं एकहि गोष्ट अवघड विद्येची नाहीं. सुशिक्षित कुटुंबांच्या घरीं नळ असतो, गटार असतें, आणि डॉक्टरहि हांकेच्या अंतरावर असतो. म्हणून असल्या सभांची गरज आपणांस नाहीं, असें त्यांना वाटण्याचा संभव आहे. पण पटकी आणि विषमज्वर हे पेठ आणि टेकडी यांतील सीमा ओळखीत नाहींत. शेजारच्या वस्तींतील गटाराला दिलेलें मत हें आपल्याच घरांतील मुलाच्या रक्षणाला दिलेलें मत आहे, हें ज्या नगराला उमजलें, त्याच्या अंदाजपत्रकांत आरोग्य हा शब्द लिहिलेला असो वा नसो, आरोग्य असतेंच.